‘प्रायव्हेट बीच’ असं काही नसतं. पण वाट असते.

आधीच सांगतो, रिसॉर्ट वाईट नव्हतं. भाच्याच्या लग्नाच्या निमित्ताने दक्षिण गोव्यातल्या एका बड्या बीच रिसॉर्टमध्ये दोन रात्री काढल्या. मुलीकडच्यांनी खोल्या बुक केल्या होत्या, त्यामुळे आमच्या खिशाला चाट बसली नाही. तरी सवयीप्रमाणे काउंटरवर रेट विचारलाच. एका रात्रीचे बावीस हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २५,९६०. आमच्या वाडीत एवढ्या पैशांत पावसाच्या आधी अख्ख्या घराची कौलं परतून होतात.

गादी मऊ, नळाला गरम पाणी, तलाव असा बांधलाय की पोहता पोहता समुद्रातच गेल्यासारखं वाटावं. सोलकढीला ‘कोकम कोकोनट कूलर’ म्हणून बारीक उभ्या ग्लासात पुदिन्याचं पान लावून दिली होती, साडेतीनशे रुपये. मेनूत मासे दोन, व्हिएतनामचा बासा आणि नॉर्वेचा सामन. समोर शंभर पावलांवर होड्या ओढून ठेवलेल्या, बांगड्याचा सीझन जोरात, आणि ताटात बासा! ‘बांगडा नाही का?’ असं वाढणाऱ्या पोराला विचारलं तर तो हळूच म्हणाला, ‘सर, वास येतो म्हणून गेस्ट तक्रार करतात.’ पोरगा ओडिशाचा. त्याच्या घरीही समुद्रच. असो.

मला लिहायचंय ते जेवणावर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवरून चालत निघालो. रिसॉर्टची हद्द संपते तिथे दोरी बांधलेली, पाटी लावलेली, ‘प्रायव्हेट बीच, फक्त निवासी पाहुण्यांसाठी’. दोरीपलीकडे गावातली चार पोरं फुटबॉल खेळत होती. बॉल अलीकडे आला की रखवालदार शिट्टी मारायचा. मी थांबलो तसा म्हणाला, ‘तुम्ही जाऊ शकता सर, तुमच्या हातात पट्टा आहे.’ हातात कागदाचा निळा पट्टा. समुद्राकडे जायला पट्टा!

ती पाटी कायद्याने खोटी आहे. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम २० सरळ सांगतं की भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, खाडीचा तळ सरकारच्या मालकीचा. सरकारच्या म्हणजे तुमच्या-माझ्या. एखादं हॉटेल भरतीरेषेखालची एक मूठ वाळूसुद्धा विकत घेऊ शकत नाही, कारण ती विकायला कुणाकडे नाहीच. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू, सुरूचं बन, माडाची बाग मात्र कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असू शकते. खरी मेख तिथेच आहे. किनारा विकत घ्यायची गरजच पडत नाही. किनाऱ्याकडे जाणारी जमीन घेतली, तिला चिऱ्याचा गडगा घातला, गेटवर माणूस बसवला की किनारा आपोआप ‘प्रायव्हेट’ होतो. मालकी सरकारची, वापर हॉटेलचा, आणि गावाला पाच किलोमीटरचा वळसा.

हे फक्त माझं म्हणणं नाही. पणजीजवळ दोनापावलाच्या बाजूला वायंगिणी नावाचा छोटासा किनारा आहे (आपल्या वेंगुर्ल्याच्या वायंगणीशी घोळ करू नका). तिथल्या पंचतारांकित हॉटेलच्या विस्तारासाठी सरकारने जमीन संपादित करून दिली. करारात अट होती की लोकांची किनाऱ्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवायची. पुढे त्याच वाटेच्या जागेत बांधकाम झालं. गावची माणसं कोर्टात गेली. किती वर्षं गेली असतील? करार १९८३ चा, सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल जानेवारी २००९ चा. पंचवीस वर्षांत माणसाची एक पिढी संपते. पण निकाल लोकांच्या बाजूने लागला. किनारा ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, विश्वस्ताने ती कुणा एकाच्या घशात घालू नये, असा त्याचा गाभा. वाटेवरचं बांधकाम पाडायचा आदेश झाला.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी गोवा सरकारने वटहुकूम काढून भूसंपादनाचा कायदाच बदलला आणि तोही मागच्या तारखेपासून, जेणेकरून ते बांधकाम वाचावं. तेव्हा गोव्यात मोठा गदारोळ झाला होता, जुन्या लोकांना आठवत असेल. कोर्टात जिंकलेली वाट विधानसभेत हरली. म्हणून मला कुणी ‘कोर्ट आहे ना’ म्हटलं की हसू येतं.

केरळात उलटंही झालंय, तेही सांगायला हवं. वेंबनाड तलावातल्या नेडियतुरुत्तु बेटावर चोपन्न व्हिलांचं रिसॉर्ट उभं राहिलं. मासेमारांनी तिथेही कोर्ट गाठलं, त्यांच्या जाळ्यांच्या जागा गेल्या होत्या. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाडायलाच सांगितलं आणि २०२२ मध्ये पाडायला सुरुवात झाली. एकही पाहुणा न राहता सगळं जमीनदोस्त. पैसा गेला, बेटावर राडारोडा पडला, जाळ्यांच्या जागांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणजे उशिरा मिळालेला न्यायसुद्धा कुणाच्या कामाचा असतोच असं नाही.

आता आपल्याकडे या. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, देशातला पहिला म्हणून आपण पाटी मिरवतो. १२१ किलोमीटर किनारा. पंचवीस-तीस वर्षं ‘येतंय येतंय’ म्हणत गेली, कारण यायचं कसं हाच प्रश्न होता. आता मोपाचा विमानतळ २०२३ पासून सुरू आहे, चिपीचं रडतखडत का होईना २०२१ मध्ये उद्घाटन झालं. मोपावर उतरलेला माणूस दक्षिण गोव्याला जातो त्याहून लवकर रेडी-शिरोड्याला पोचतो. जमिनीचे दलाल हे आपल्याआधी ओळखून आहेत. मुंबई, दिल्ली, बंगळुरूची नावं आता आमच्या गावच्या फेरफारांवर दिसतात. विकणारे आपलेच. त्यांना नावं ठेवणार नाही. चार भावांत सतरा गुंठे आणि त्यातली निम्मी खडकाळ, अशा जागेला कुणी डोळे पांढरे होतील असा भाव दिला तर धरून बसा हे सांगणारा मी कोण?

पण गुंठे विकताना गुंठ्यातून जाणारी वाट विकली जाते, हे कुणी बोलत नाही. आमच्याकडच्या बहुतेक वाटा कागदावर नाहीत. ‘आमच्या बागेतसून जावा’ एवढ्या शब्दावर चालल्या. रापणीवाले जातात, मासे सुकवायला बायका जातात, गणपती विसर्जनाला जातात, नारळी पौर्णिमेला जातात, आणि माफ करा पण शेवटच्या दहाव्या-बाराव्यालाही समुद्रावरच जातात. नवीन मालकाला यातलं काही माहीत नसतं. त्याला नकाशात रेघ दिसत नाही, म्हणजे वाट नाही. तो वाईट माणूस असायलाच हवा असं नाही. गडगा घालतो, सीसीटीव्ही लावतो, कुत्रा पाळतो. गेल्या वर्षी शेजारच्या गावात एक म्हातारी तशा नव्या गेटसमोर टोपली घेऊन उभी होती आणि कुणालातरी विचारत होती, ‘आमची वाट खंय गेली?’

रापण ज्यांनी ओढलीय त्यांना सांगायला नको. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ मारते, दोन टोकांच्या दोऱ्या पुळणीवरून तीस-चाळीस माणसं ओढतात, आणि दोन्ही बाजू ओढता ओढता जवळ येतात. मोकळी, लांब पुळण हेच त्यांचं शेत. मध्ये आरामखुर्च्या, छत्र्या आणि दोरी आली की रापण बंद. मासळीचे वाटे पडतात, त्यात दोरीला हात लावलेल्या विधवेचाही वाटा असतो. हा रोजगार कुठल्याही प्रकल्प अहवालात धरलेला नसतो, कारण त्याची पगारपत्रकं नाहीत. ‘दोनशे स्थानिकांना नोकऱ्या’ मात्र ठळक अक्षरात. त्या नोकऱ्या कसल्या हे बघायला दोन रात्री पुरतात. बागेत, धुलाईत, गेटवर आपली माणसं. काउंटरवर, किचनमध्ये, मॅनेजरच्या खुर्चीत बाहेरची. त्यात कुणाचा दोष नाही, आपण हॉटेल मॅनेजमेंटचं धड कॉलेज काढलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण मग नोकऱ्यांचा आकडा सांगताना कसल्या तेही सांगा.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. ‘तुमच्या सार्वजनिक किनाऱ्यावर काचा, गुटख्याच्या पुड्या आणि डायपर असतात, रिसॉर्टचा किनारा स्वच्छ असतो.’ खरं आहे. तारकर्लीला मे महिन्यात गेलेल्या माणसाने याच्याशी वाद घालू नये. शनिवारी घाटावरून गाड्या येतात, पुळणीवर घातल्या जातात, बाटल्या तिथेच. पण स्वच्छतेचा उपाय झाडू, पार्किंगची पावती आणि दंड हा आहे. घर घाण आहे म्हणून घराची चावी शेजाऱ्याला देत नाहीत.

नियम नाहीत असंही नाही. सीआरझेडची अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, आता २०१९ ची. त्यात बीच रिसॉर्टच्या अटी आहेत. दोन रिसॉर्टमध्ये लोकांना किनाऱ्यावर जायला निदान वीस मीटर रुंद मोकळी जागा सोडायची. कुंपण किनाऱ्याकडे जायच्या आड येता कामा नये. भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत भूगर्भातलं पाणी उपसायचं नाही. शेवटची अट वाचून आपल्या वाडीतल्या विहिरींचा विचार करा. वर तलाव, बाथटब आणि हिरवळ, खाली त्याच गोड्या पाण्याच्या थरावर आपली विहीर. एकदा खारं शिरलं की दोन पावसाळ्यांत निघत नाही. पण वीस मीटरची अट ‘दोन रिसॉर्टमध्ये’ अशी आहे. एकच रिसॉर्ट शंभर एकरांचं आलं, तर मध्ये सोडायचं कुठे? तिथे गावच्या जुन्या वाटाच कामाला येतात, आणि त्या कागदावर हव्यात.

त्या कागदावर आणता येतात. याच अधिसूचनेप्रमाणे किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या गावपातळीवरच्या मोठ्या नकाशांवर मच्छीमार वस्ती, त्यांच्या सामाईक जागा, मासे सुकवायच्या जागा, रस्ते दाखवायचे असतात. किती ग्रामपंचायतींनी आपला नकाशा उघडून बघितलाय? मी चार सरपंचांना विचारलं. एकाने ‘तो ऑनलाइन असतो ना’ म्हटलं, बाकीच्यांनी चहा मागवला.

आणि आजच कुणी वहिवाटीची वाट अडवली असेल, शेताकडे, बागेकडे किंवा मासेमारीच्या जागेकडे जाणारी, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. वकील परवडला नाही तरी चालतं. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बहुतेक लोक पहिले सहा महिने ‘बघूया, बोलूया, माणूस बरा दिसतोय’ यात घालवतात.

शिरोड्यात १९३०च्या मे महिन्यात लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या होत्या. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढायला परवानगी कसली, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तिथून काही किलोमीटरवर उद्या हातात निळा पट्टा बांधून जावं लागणार असेल, तर निदान त्याआधी ग्रामसभेत कुणीतरी उभं राहायला हवं.

१ मेच्या ग्रामसभेसाठी मी लेखी विषय दिलाय, पोच घेतलीय. ‘समुद्राकडे जाणाऱ्या सर्व पारंपरिक वाटांची नोंद आणि मोजणी.’ आमच्या गावात अशा चार वाटा आहेत. तीन मी मुलाला घेऊन चालत मोजल्या, फोटो काढले, कुठल्या सर्व्हे नंबरातून जातात ते लिहून काढलं. चौथी, देवळामागून सुरूच्या बनातून जाणारी, ती जागा दोन महिन्यांपूर्वी विकली गेलीय आणि चिऱ्यांचा पहिला ट्रक येऊन पडलाय. त्या वाटेचा उल्लेख असलेला जुना कागद, खरेदीखत, वाटणीपत्र, देवस्थानची वही, काहीही कुणाच्या घरी पेटीत असेल तर फोटो काढून इनबॉक्समध्ये पाठवा. मुंबईकर चाकरमान्यांनीही बघा, बऱ्याचदा असे कागद परळ-लालबागच्या खोल्यांतच निघतात.