१० वर्षं वकिली केली की झालं का?

कलम २१७ नुसार हायकोर्टाचा न्यायमूर्ती व्हायला १० वर्षं वकिली किंवा न्यायाधीशपद पुरतं. राजकारणाबद्दल तिथं अवाक्षर नाही. भाजपच्या प्रवक्त्या राहिलेल्या आरती साठेंनी पक्ष सोडला जानेवारी २०२४ ला, कॉलेजियमची शिफारस आली जुलै २०२५ ला. दीडच वर्ष!

त्यांच्या वकिलीबद्दल माझी तक्रार नाही. कृष्ण अय्यरही मंत्री होते, म्हणाल. खरंय; पण मंत्रिपद गेलं १९५९ ला, न्यायमूर्ती झाले १९६८ ला.

कोल्हापूर सर्किट बेंचमुळं हायकोर्ट आपल्या जवळ आलंय. उद्या जेऊरचा शेतकरी सरकारविरुद्ध तिथं उभा राहिला आणि समोर कालपरवापर्यंत सत्ताधाऱ्यांची बाजू मांडणारं कुणी असलं, तर त्याला निकाल पटंल का? पक्ष कुठलाही असो, मधे किमान ५ वर्षं हवीतच.