सिस्टरांचा थकवा

केमोथेरपीच्या कक्षात आपल्या माणसाच्या उशाशी आपण बसला असाल, तर औषध लावण्यापूर्वी दोन परिचारिका रुग्णाचे नाव, औषध व मात्रा मिळून पडताळतात, हे पाहिले असेल. त्या दोन मिनिटांत त्यांना हाक मारू नये. उशी सरकवणे, खिडकी लावणे थोडे थांबू शकते.

थकलेले मन ही पडताळणी किती काळ नीट करील? २००२ मध्ये लिंडा एकन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा होता. पण एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका मनाने खचण्याची २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

कर्करोग विभागात यावर वियोगाची भर पडते. महिनोन्‌महिने ओळखीचा झालेला रुग्ण एके दिवशी येत नाही, आणि त्याच दुपारी दुसऱ्याला धीर द्यायचा असतो. कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये परिचारिकांच्या या अवस्थेसाठी ‘करुणेचा थकवा’ या अर्थाची संज्ञा वापरली. घरी दीर्घ आजारपण काढणाऱ्यांना ती परकी वाटणार नाही.

मात्र त्यांच्या कामाचा विचार करून एक गोष्ट लपवू नये. सुईपाशी आग, ठणका वा सूज जाणवल्यास तत्क्षणी सांगावे. काही औषधे शिरेबाहेर झिरपली, तर आतील मांसापर्यंत इजा होते. “सिस्टर कामात आहेत, राहू दे,” असे पुष्कळ आजी-आजोबा म्हणतात. हे मात्र राहू देऊ नये.