शिक्षणमहर्षींचा हिशेब



चोपड्याच्या एस.टी. स्टँडवर उतरलं की गावाआधी बोर्ड दिसतात. फलाणे शिक्षणमहर्षी, ढिकाणे शिक्षणसम्राट. शाळा काढायची. शाळेतून मास्तर, मास्तरांतून प्रचारक, प्रचारकांतून मतं, मतांतून आमदारकी, आणि आमदारकीतून परत शाळेला ग्रँट. हा धंदा साऱ्या महाराष्ट्राचा आहे, एकट्या चोपड्याला कशाला बदनाम करू?

माझ्या थोरल्या भावानं बी.एड. केलं. एका संस्थेत मुलाखतीला गेला. जागा राखीव. विषयाचं एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते 'इमारत निधी'चं. बापानं दुसऱ्यांच्या मळ्यात केळीचे घड वाहून जे जमवलं होतं, त्यात त्यांच्या ऑफिसातली खुर्चीही आली नसती. भाऊ आज सुरतेला साडीच्या दुकानात घड्या घालतो. मी चिडलो तर बाप म्हणतो, "बाबासाहेबना फोटो लायेल शे ना त्येस्ना हापिसमा, आखो काय पाह्यजे तुले?"

फोटो! तर मग त्या फोटोतल्या माणसाचंच बोलू.

बाबासाहेबही शिक्षक होते आणि बाबासाहेबही आमदार होते. आपण 'घटनेचे शिल्पकार' म्हणतो आणि तिथंच थांबतो. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९३५ ते १९३८ सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल. १९२७ पासून मुंबईच्या विधिमंडळात, आधी सरकारनियुक्त, मग १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून.

सभागृहात पाऊल टाकून महिना झाला नव्हता, तोच १२ मार्च १९२७ ला शिक्षणाच्या खर्चावर उठले. काय मागितलं? स्वतःची शाळा? नाही. सरकारचा हिशेब काढला. शिक्षणावर माणशी चौदा आणे घालता आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांवर काढता? प्राथमिक शाळेत शंभर पोरं शिरतात, चौथीला पोचतात अठरा. बाकीची ब्याऐंशी परत अंगठेबहाद्दर. शिक्षण खातं म्हणजे टाकलेला पैसा वसूल करायचं दुकान नव्हे, शिक्षण स्वस्त करा, असं तोंडावर सांगितलं.

आणि आठ दिवसांनी, २० मार्चला, हाच आमदार महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला. सभागृह आणि तळं, दोन्हीकडे एकच माणूस. आपल्याकडे सभागृहातला तळ्यावर येत नाही आणि तळ्यावरचा सभागृहात गेला की बाटलीचं पाणी पितो.

पुढं कॉलेजं काढली तीसुद्धा बघा. सिद्धार्थ १९४६ ला, मिलिंद १९५० ला. नावं दिली बुद्धाची आणि मिलिंद राजाची. रामजींचं नाव लावलं असतं तर कोण अडवणार होतं?

आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी कमिटीचे सभासद म्हणून साहेब खानदेशात आले. बहिष्कार पडलेल्या एका गावाची चौकशी करायला चाळीसगावला उतरले. बॅरिस्टर, विधिमंडळाचे सभासद, पण टांगेवाले न्यायला तयार नाहीत. शेवटी टांगा हाकायची सवय नसलेला आपलाच एक जण हाकायला बसला. टांगा मोरीवर उलटला, साहेबांचा पाय मोडला. आमदारकीनं त्यांना धड टांगाही दिला नव्हता हो!

आता चोपड्याचं. २००९ च्या निवडणुकीपासून ही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. चांगलं झालं. पण सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांची शंभर पोरं पहिलीत बसतात, त्यातली दहावीला किती पोचतात? १९२७ चाच प्रश्न आहे. तो आमदाराला आपण कधी विचारलाय? आपण मिरवणुकीची परवानगी मागायला जातो. डी.जे.ची वर्गणी मागायला जातो. तोही हसत देतो. स्वस्तात सुटला ना!

१४ एप्रिलला हार घेऊन ते येतीलच. घालू द्या हार. मग माइक हातात घ्यायचा आणि विचारायचं, तुमच्या संस्थेत राखीव जागा किती, भरल्या किती, आणि इमारत निधीच्या पावत्या कुठं आहेत? मी भावाला सुरतेहून बोलावलंय. पहिला प्रश्न तोच विचारील.