पडद्याआडची साक्ष

रहस्यकथेचे पुस्तक हाती पडले, की दिवा मालवावयाची वेळ झाली तरी ते खाली ठेववत नाही, हा अनुभव बहुतेक वाचकांचा असतो. गुन्हा कोणी केला, का केला आणि तो उघडकीस कसा येणार, या तीन प्रश्नांनी वाचकाचे मन जखडून टाकलेले असते. तथापि घरातील वडील मंडळींस हे वाचन फारसे रुचत नाही. वेळ फुकट घालविण्याचा उद्योग, अशी त्याची संभावना होते. गुन्हेगार सापडला, की पुस्तक मिटावे आणि विसरून जावे, एवढेच त्याचे मोल, असे ते मानतात. पुष्कळ रहस्यकथांच्या बाबतीत ही समजूत खरीही आहे. परंतु सर्वच रहस्यकथा एका मापाने मोजणे न्यायाचे नव्हे. जिच्यात गतकाळ सजीव झाला आहे आणि जिची नायिका धैर्याने सत्याचा शोध घेत आहे, अशी ऐतिहासिक रहस्यकथा करमणुकीहून अधिक काही देऊन जाते.

मराठी वाचकाला रहस्यकथा नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड यांनी हजारो वाचकांना वेड लावले होते. हे नायक धाडसी होते, चतुर होते; आणि ते पुरुष होते. रात्री-अपरात्री कोठेही जाण्यास त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. परंतु शोध घेणारी स्त्री असेल, आणि काळही असा असेल, की स्त्रीला न्यायालयात उभे राहून बोलण्याची मुभाच नाही, तर? अशा वेळी कोडे दुहेरी होते. गुन्हेगार तर शोधावयाचाच. पण तो शोधण्याचा आपला अधिकारही पदोपदी सिद्ध करावयाचा.

सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' ही २०१८ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी अशीच आहे. तिचा काळ १९२१ चा आणि स्थळ मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी आपल्या वडिलांच्या कचेरीत वकिलीचे काम करते. कादंबरीतील मुंबईत असे काम करणारी ती एकटीच स्त्री आहे. तिने कागदपत्रे तयार करावीत, अशिलांना सल्ला द्यावा. परंतु न्यायाधीशांपुढे उभे राहून वाद घालण्याचा अधिकार तिला नाही. अशा स्थितीत एके दिवशी एक पत्र तिच्या हाती येते. मलबार हिलवरील एका मृत गिरणीमालकाच्या तीन विधवांनी आपला पैसाअडका धर्मादाय निधीला देऊन टाकण्याचे ठरविले आहे, असे ते पत्र सांगते. परवीनला शंका येते. या स्त्रियांनी हे खरोखर स्वखुशीने ठरविले आहे काय? आपण काय देऊन टाकीत आहोत, हे त्यांना ठाऊक तरी आहे काय?

हे विचारावयाचे कसे? त्या तिघीही पडदा पाळणाऱ्या आहेत. परपुरुषासमोर त्या येत नाहीत. घराचा कारभारी सांगेल तेच बाहेरच्या जगाने खरे मानावे, अशी स्थिती. मोठमोठ्या वकिलांना जे दार बंद होते, ते परवीनसाठी मात्र उघडते. कारण ती स्त्री आहे. पुढे त्या घरात खून होतो. पोलीस येतात, पण तेही पुरुषच. पडद्याआड जे घडले, ते ज्यांनी पाहिले त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावयाचे, तर ते परवीनलाच शक्य असते. खुनी कोण, हे येथे सांगणे उचित नव्हे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यायालयात जे स्त्रीत्व परवीनच्या आड येते, तेच येथे सत्यापर्यंत पोहोचण्याची किल्ली ठरते. त्यापुढील 'द सातापूर मूनस्टोन' या कादंबरीत ती सह्याद्रीतील एका काल्पनिक संस्थानात जाते. तेथेही राजवाड्यातील राण्यांशी बोलू शकेल अशा स्त्रीचीच गरज पडलेली असते.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील, की त्या काळी अशा स्त्रिया होत्या तरी कोठे? आजचे विचार कालच्या माणसांच्या तोंडी घालण्याचाच हा प्रकार नव्हे काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर इतिहासातच मिळते. १८६६ साली नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. पुढे ऑक्सफर्ड येथे जाऊन १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. अशी परीक्षा देणारी त्यांच्यापूर्वी एकही स्त्री झाली नव्हती. परंतु स्त्रियांना पदवी देण्यास ते विद्यापीठ १९२० सालापर्यंत तयार नव्हते. परीक्षा द्यावी, पण पदवी मिळू नये, असा तो विलक्षण न्याय! मायदेशी परतल्यावर पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे रक्षण हेच सोराबजींनी आपले कार्य मानले. १९०४ पासून बंगालमध्ये सरकारी नेमणुकीने त्यांनी हेच काम केले. स्त्रियांना वकिलीची दारे उघडणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. त्याच वर्षी मिठन टाटा या पारशी तरुणीने इंग्लंडमध्ये बॅरिस्टरची सनद मिळविली आणि पुढे त्या मुंबईच्या उच्च न्यायालयात काम करू लागल्या. परवीनचे चित्र रंगविताना लेखिकेने या दोन स्त्रियांपासूनच स्फूर्ती घेतली आहे.

मात्र कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. परवीन काल्पनिक आहे, ते तीन विधवांचे घर काल्पनिक आहे आणि तो खूनही काल्पनिक आहे. सोराबजींचे बरेचसे कार्य बंगालमध्ये झाले. लेखिकेने तशी नायिका मुंबईत आणून बसविली. एवढे स्वातंत्र्य कलावंताला द्यावेच लागते. परंतु सुज्ञ वाचकाने पुस्तक मिटल्यावर स्वतः थोडे हेरगिरीचे काम करावे. यातले खरे किती, कल्पनेतले किती, हे ताडून पाहावे. तो शोधही रहस्यकथेइतकाच रंजक असतो.

ऐतिहासिक रहस्यकथेची खरी कसोटीही येथेच लागते. काही पुस्तकांतील नायिका जणू त्या काळी कोणतेच बंधन नव्हते, अशा थाटात वावरतात. त्या वाटेल तेथे जातात, वाटेल त्याला दरडावतात आणि कोणी त्यांना अडवीत नाही. वरवर पाहता हा स्त्रियांचा गौरव वाटतो. वस्तुतः तो अन्याय आहे. वाटेतील भिंतच पुसून टाकली, तर ती ओलांडणाऱ्या स्त्रीचे श्रमही पुसले जातात. सोराबजींना पदवीसाठी किती वर्षे वाट पाहावी लागली, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्यांचे धैर्यही कळावयाचे नाही. म्हणून चांगली लेखिका आपल्या नायिकेला आजचे पंख लावीत नाही. तिला कालच्याच जमिनीवर, कालच्याच काट्यांतून चालावयास लावते.

या कादंबऱ्या प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या आहेत. त्यांतील काही प्रसंग कठोर आहेत, म्हणून त्या जाणत्या वयात वाचाव्यात हे बरे. परंतु त्यांतील मर्म समजावयास तेवढे थांबण्याचे कारण नाही. कोणत्याही घटनेची हकिकत कानी आली, की ती कोणी सांगितली, एवढे विचारून भागत नाही. त्या वेळी कोणाला विचारलेच गेले नाही, हेही विचारावे लागते. कित्येक घरांत, कित्येक शतके, सर्वांत जवळून पाहणारा साक्षीदार पडद्याआड बसलेला होता आणि त्याची साक्ष कोणी नोंदवून घेतली नाही. ती साक्ष ऐकण्याची इच्छा ज्या पुस्तकाने मनात उत्पन्न केली, त्याच्या वाचनात गेलेला वेळ फुकट गेला, असे कोण म्हणेल?