बर्थखालचा सातबारा

गणपती, दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की ऑफिसात चहाच्या वेळी एक विषय हमखास निघतो. कुणालातरी नवीन बॅग घ्यायची असते. लगेच ऑनलाइन सेलची लिंक फिरते. चार चाकं, पॉलिकार्बोनेट, नंबरचं कुलूप, तीन साइझचा सेट. "मोठीच घे रे, एकदाच घ्यायचीय." आणि ज्याला ही बॅग घ्यायची असते तो जाणार कुठे, तर कोकणकन्येनं कुडाळला.

या विषयावर माझं मत जरा ठाम आहे, आणि आज शनिवार असल्यामुळे ते ऐकवायला वेळही आहे. मत असं की मोठी, कडक, चार चाकांची ट्रॉली हे रेल्वेचं सामानच नव्हे. ती विमानतळाची वस्तू आहे. आपण ती गाडीत चढवतो आणि स्वतःचे, आणि त्याहून जास्त शेजारच्यांचे, हाल करतो.

हिचा जन्मच बघा ना. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाला चाकांच्या सूटकेसचं पेटंट मिळालं १९७२ मध्ये. त्याला ही कल्पना सुचली ती विमानतळावर दोन जड बॅगा ओढताना. पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं बॅग उभी केली, तिला दोन चाकं आणि आत-बाहेर होणारा दांडा लावला. म्हणजे रिक्वायरमेंट लिहिणारे दोघंही विमानवाले. गुळगुळीत फरशी, लिफ्ट आणि मोठी बॅग काउंटरवर देऊन मोकळं व्हायची सोय, हे सगळं त्यात गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडे काय असतं? दादरचा पूल असतो. सरकता जिना असतोही, पण तो नेमका उलट्या दिशेनं चालू असतो. मग पेव्हर ब्लॉक, मग डब्याच्या पायऱ्या, मग दारात उभी असलेली माणसं. चाकांचा खरा उपयोग होतो तो फार तर दहा मिनिटं. पुढचे आठ-नऊ तास ती बॅग कुठेतरी ठेवायची असते, आणि बॅग घेताना या "कुठेतरी"चा विचार कोणी करत नाही.

तर तो करू. थर्ड एसीचा डबा घ्या. एलएचबी डब्यात ७२ बर्थ, म्हणजे आठ-आठ जणांचे नऊ कप्पे. एका कप्प्यात समोरासमोर सहा जण आणि बाजूला दोघं. सामानाची जागा कुठे, तर खालच्या बर्थखाली. बर्थ साधारण सहा फूट लांब. त्या एका बर्थखालच्या जागेवर तिघांचं सामान राहायचं असतं, खालच्याचं, मधल्याचं आणि वरच्याचं. सहा भागिले तीन. माणशी दोन फूट. संपलं गणित. याला इंजिनिअर लागत नाही.

दोन फूट म्हणजे साठेक सेंटिमीटर. आता रेल्वेचा नियम बघा, गंमत येते. थर्ड एसी आणि एसी चेअर कारमध्ये न्यायच्या पेटीचं किंवा सूटकेसचं कमाल माप दिलंय ५५ x ४५ x २२.५ सेंटिमीटर. म्हणजे त्या दोन फुटांत नीट बसेल असं. (इतर वर्गांसाठी १०० x ६० x २५.) हा नियम कोणी वाचत नाही आणि स्टेशनवर सहसा कोणी मापही घेत नाही. तरी मला तो बाबू लोकांचा आचरटपणा वाटत नाही. कोणीतरी खरंच बर्थखाली वाकून बघून हे माप लिहिलं असावं असं वाटतं.

आणि वजन? ते चक्क ऐसपैस आहे. सेकंड क्लासला ३५ किलो, स्लीपर आणि थर्ड एसीला ४०, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. फुकट. ऑगस्ट २०२५ मध्ये "आता रेल्वेतही विमानासारखं वजन करणार" अशा बातम्या आल्या तेव्हा आमच्या ग्रुपवर केवढा गदारोळ झाला होता. मग रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की नवीन काही नाही, मर्यादा जुन्याच आहेत. पण त्या गदारोळात सगळे किलोवरच भांडत होते, सेंटिमीटरबद्दल कोणी बोललं नाही. वरच्या मापाच्या पेटीत सुमारे ५६ लिटर मावतात. त्यात कपडे भरले तर चाळीस किलो होणं अवघड, पुस्तकं भरली तर गोष्ट वेगळी. म्हणजे नियमाचा अर्थ सरळ आहे. सामान भरपूर आणा, पण लहान लहान नगांत आणा. आपण नेमकं उलटं करतो. चौघांचं सामान एका धुडात भरतो आणि "एकच बॅग आहे हो" असं कौतुकानं सांगतो.

आता खरा वादाचा मुद्दा. आपल्याकडे खालचा बर्थ मिळालेल्या माणसाची अशी ठाम समजूत असते की बर्थखालची जमीनही आपल्याच नावावर आहे. सातबारा निघाल्यासारखा तो आधी येऊन दोन मोठ्या ट्रॉल्या आडव्या सरकवतो आणि वर पाय पसरतो. मधल्या आणि वरच्या बर्थवाल्यानं मग काय करायचं? तो आपली ट्रॉली दोन बर्थच्या मधल्या जागेत उभी करतो, म्हणजे सहा जणांनी पाय ठेवायच्या जागेत. एका धटिंगणाचं सामान जमिनीखाली आणि बाकीच्यांचे पाय हवेत.

गेल्या वर्षी असाच एक प्रसंग समोर बसून पाहिला. पंचविशीतला मुलगा, पनवेलला चढला, बरोबर आपल्या कमरेएवढी ट्रॉली. खालच्या बर्थवर एक आजी, गुडघ्याला पट्टा बांधलेला. ट्रॉली बर्थखाली जाईना. चाकांसकट उंची जास्त, आणि कडक असल्यामुळे दाबायची सोय नाही. मुलगा चांगला होता हो, उद्धट नव्हता. म्हणाला, "आजी, जरा पाय वर घेऊन बसता का? बॅग मोठी आहे."

आजींनी बॅगेकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "काय रे झिला, घरच घेवन इलंस काय?"

डबा हसला, मुलगाही हसला. पण बॅग तिथेच राहिली. रात्री आजींना दोनदा उठून जायचं होतं आणि दोन्ही वेळा समोरच्या काकांनी उठून ती बॅग धरून ठेवली, कारण गाडीनं जरा ब्रेक मारला की चार चाकं पॅसेजच्या दिशेनं निघायची. हे चार चाकांचं अजून एक वैशिष्ट्य. एअरपोर्टवर एका बोटानं ढकलता येते म्हणून घ्यायची, आणि गाडीत ती एका बोटाचीही वाट बघत नाही.

मला त्या मुलाचा राग नाही आला. दुकानात कोणी त्याला विचारलंच नसेल की बाबा, तू प्रवास कशानं करतोस?

मग न्यायचं काय? माझं उत्तर कंटाळवाणं आहे. मऊ बॅग. कॅनव्हासची किंवा जाड नायलॉनची, दोन बंदांची, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली, पन्नास लिटरच्या आसपास. सामान जास्त असेल तर अशा दोन. मऊ बॅग दबते, तिरकी होते, दुसऱ्याच्या पेटीच्या मागे उरलेल्या फटीत जाते. शिवाय ती स्वतः हलकी असते. ट्रॉलीत दांडा, चाकं आणि सांगाडा यांचंच वजन अडीच-तीन किलो होतं आणि दांड्याच्या नळ्या आतली जागा खातात ते वेगळंच. ट्रेकला जाणाऱ्यांकडे मोठी सॅक असतेच, तीही उत्तम, फक्त पट्टे आत खोचा, नाहीतर कुणाच्या तरी चपलेत अडकतात.

परीक्षा एकच. बॅग भरून झाली की ती एका हातात घेऊन लिफ्ट न वापरता दोन मजले चढा. मध्ये टेकवावी लागली तर सामान कमी करा. कारण कोकणातल्या बऱ्याच स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते, तुमच्या पुढे उतरणारे दहा जण असतात, चढणारे दारात आलेले असतात आणि हमाल नसतो. (२०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी हमालांना 'सहायक' म्हणायचं जाहीर केलं. नाव बदललं, पण चाकांनी त्यांचं काम केव्हाच कमी करून टाकलं होतं. तो एक वेगळा आणि मोठा विषय आहे.)

आता अपवाद. ज्यांची कंबर किंवा खांदा धड नाही, किंवा ज्यांना लहान मूल घेऊन एकट्यानं जायचंय, त्यांना चाकं लागतात, आणि त्यांनी माझं काही ऐकू नये. फक्त घेताना केबिन साइझची मऊ बॅग घ्या, दोनच चाकांची, चाकं जरा मोठी. ती आपल्या जागी उभी राहते आणि वरच्या मापाच्या जवळपासही येते. वंदे भारतसारख्या चेअर कारच्या गाडीत तर बर्थच नाही, सगळं डोक्यावरच्या रॅकवर. तिथे ही बॅग चालते. मोठी ट्रॉली तिथेही दाराजवळ उभी राहते आणि येणारा-जाणारा तिला शिव्या घालतो. हॉस्टेल किंवा बिऱ्हाड हलवणार असाल तर सरळ ब्रेकव्हॅनला बुक करा, पावती घ्या.

पावतीवरून आठवलं. लोक कडक बॅग घेतात त्यामागे चोरीची भीतीही असते. ही भीती खोटी नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १००. बुक न करता स्वतःजवळ बाळगलेलं सामान गेलं तर रेल्वे कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्याशिवाय रेल्वे जबाबदार नाही. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातल्या एक लाखाच्या चोरीबद्दल हेच सांगितलं, ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नाही. म्हणजे राखण आपली आपणच करायची. पण कडक कवच इथे फारसं कामाला येत नाही. ट्रॉलीला झिप असेल तर ती साध्या बॉलपेननं फाकते आणि परत ओढली की कळतही नाही. नंबरचं कुलूप तसंच्या तसं. बर्थखालच्या कड्यांना साखळी लावलीत तर बॅग जागेवर राहील एवढंच, आतल्या वस्तूंची हमी नाही. म्हणून दोन भाग करायचे. खालच्या बॅगेत फक्त कपडे, चपला, खाऊ. आणि एक लहान झोळी किंवा ऑफिसची सॅक, ती रात्री उशाशी. पाकीट, लॅपटॉप, औषधं, दागिने, चार्जर, पाण्याची बाटली, डबा, स्लीपरनं जाणार असाल तर चादर, आणि टूथब्रश. ब्रश खालच्या बॅगेत गेला की सकाळी सहाला सगळा कप्पा उठवून साखळी सोडवणारा एक जण प्रत्येक डब्यात असतोच.

आमच्या लहानपणी घरात व्हीआयपीची मोल्डेड सूटकेस होती, ती लग्नकार्यालाच बाहेर निघायची. एरवी रेक्झिनची बॅग, वळकटी आणि दोन कापडी पिशव्या. तेव्हाचं सगळं चांगलं होतं असलं काही मला म्हणायचं नाही, त्या पिशव्यांचे बंद हमखास पुलावरच तुटायचे. पण त्या पिशव्या कोणाच्याही पायांत नसायच्या. कुठेतरी कोंबल्या जायच्या.

आणि परतीचा हिशेब विसरू नका, मुंबईकर-पुणेकर इथेच फसतात. जाताना ट्रॉली भरून नेली तर येताना नारळ, कोकमं, कुळथाचं पीठ आणि मे महिन्यात आंब्याची पेटी ठेवणार कुठे? बॅगेच्या तळाशी एक रिकामी मोठी पिशवी घडी करून टाका. किंवा काहीच करू नका. निघायच्या दिवशी सकाळी काकू गोणी शिवून तयार ठेवतेच, तुम्ही कितीही नको म्हणा. ती गोणी निमूटपणे घ्या. बर्थखाली ती सगळ्यात छान बसते, जिथे फट असेल तिथे पसरते, तिला साखळी लागत नाही. फक्त आत पिकलेला फणस आहे का ते आधी विचारून घ्या, कारण एसीच्या डब्यात तो चिपळूण यायच्या आत सगळ्यांना कळतो.