अदलाबदल आणि न्यायबुद्धि

खेळणाऱ्यापेक्षां खेळ पाहणाऱ्यासच खेळ अधिक समजतो, असा समज सर्व देशांत सारखाच आढळतो. अमेरिकेंत बेसबॉलचा नाद मोठा. आणि तेथील शौकिनांचा अर्धा आनंद मैदानावर, तर अर्धा मैदानाबाहेरील वादांत असतो. तेथील धंदेवाईक संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. आपला एखादा फलंदाज द्यावा व दुसऱ्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घ्यावा, असे सौदे संघाचा जनरल मॅनेजर ठरवितो. मग त्यानें शहाणपणा केला कीं मूर्खपणा, याचा खल घरोघर चालतो. आपल्याकडेही २००८ सालीं इंडियन प्रीमियर लीगमध्यें खेळाडूंचे लिलाव सुरू झाले, आणि तसलाच वाद आपल्या मुलांच्या तोंडीं बसला. कित्येक पालकांस हा निव्वळ कालापव्यय वाटतो. आमचें मत निराळें आहे. वाद करण्यांत दोष नाहीं. तो न्यायानें कसा करावा हें न शिकण्यांत दोष आहे.

या बाबतींत अमेरिकेंतील एक जुनें उदाहरण फार बोधप्रद आहे. ता. १५ जून १९६४ रोजीं शिकागो कब्ज या संघानें लू ब्रॉक नांवाचा तरुण खेळाडू सेंट लुई कार्डिनल्स या संघास दिला, आणि त्याच्या बदल्यांत मुख्यतः अर्नी ब्रॉग्लिओ हा पिचर घेतला. ब्रॉग्लिओ नांवाजलेला होता. १९६० सालीं त्याच्या नांवावर २१ व १९६३ सालीं १८ विजय जमा झाले होते. ब्रॉक पंचविशीच्या उंबरठ्यावर उभा होता. पायांत विलक्षण वेग, परंतु फलंदाजी बेताचीच. शिकागोच्या वृत्तपत्रांतही या सौद्याचें कौतुक झालें.

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. ब्रॉक सेंट लुईस जातांच चमकला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्या संघानें न्यूयॉर्क यांकीजला हरवून अजिंक्यपद मिळविलें. १९७९ सालीं तो निवृत्त झाला तेव्हां, प्रतिपक्षाची नजर चुकवून पुढचें ठाणें गाठण्याचा पराक्रम त्याच्या नांवावर ९३८ वेळां नोंदलेला होता, व तो त्या काळचा विक्रम होता. इकडे ब्रॉग्लिओच्या कोपरानें दगा दिला. १९६४ साल संपण्यापूर्वींच त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. शिकागोसाठीं तीन हंगामांत त्यास अवघे ७ विजय मिळाले. तेव्हांपासून हा सौदा मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगण्यांत येतो.

आम्ही विचारतों, हा निवाडा न्यायाचा आहे काय? ब्रॉकचें भविष्य १५ जूनला कोणाच्या हातीं लिहून दिलेलें होतें? शिकागोच्या चालकांस दोष द्यावयाचाच असेल तर प्रश्न असा विचारावा कीं, पिचर घेण्यापूर्वीं त्यांनीं त्याच्या हाताची पुरेशी चौकशी केली होती काय? हा प्रश्न त्या दिवशींही विचारतां आला असता. परिणाम पाहून मागाहून शहाणे होणें कोणासही जमतें.

यावर कोणी म्हणेल कीं, झाडाची परीक्षा फळावरूनच व्हावयाची. खरें आहे, परंतु एका फळावरून नव्हे, आणि फळ पिकण्यापूर्वीं तर मुळींच नव्हे. जो मॅनेजर अनेक वर्षें अनेक सौद्यांत फसतो, त्यास अवश्य दोष द्यावा. परंतु सेंट लुईच्या बाजूनें हा सौदा करणाऱ्या बिंग डिव्हाइन यांची कथा पाहा. संघ मागें पडलेला पाहून मालक ऑगस्ट बुश यांनीं १९६४ च्या ऑगस्टमध्यें त्यांस कामावरून दूर केलें. दोन महिन्यांनीं त्यांनींच जमविलेला संघ अजिंक्य ठरला, आणि स्पोर्टिंग न्यूज या पत्रानें वर्षांतील उत्कृष्ट चालक म्हणून त्यांचीच निवड केली! ज्यानें झाड लावलें, त्यास फळ लागण्यापूर्वींच बागेबाहेर काढण्यांत आलें होतें.

होतकरू मुलांविषयींचे अंदाज तर याहूनही फसवे. १९६५ पासून अमेरिकेंतील संघ तरुण खेळाडूंची क्रमवार निवड करतात. १९६६ सालीं न्यूयॉर्क मेट्सनें सर्वांत प्रथम स्टीव्ह चिलकॉट यास निवडलें. खांदा दुखावल्यामुळें तो वरिष्ठ लीगमध्यें एकही सामना खेळूं शकला नाहीं. त्याच्या मागोमाग निवडलेल्या रेजी जॅक्सननें पुढें ५६३ होमरन केले. १९८८ सालीं माइक पियाझाची निवड बासष्टाव्या फेरींत झाली. त्याच्या आधीं १३८९ जणांचीं नांवें पुकारलीं गेलीं होतीं. त्याच पियाझास २०१६ सालीं त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. पालकांनीं आपल्या मुलाच्या एका परीक्षेच्या गुणांवरून त्याचें भविष्य वर्तविण्यापूर्वीं ही हकीकत आठवावी.

आणखी एक गोष्ट शौकीन हटकून विसरतो. ती म्हणजे सौद्यांतली वस्तु हा एक मनुष्य असतो. १९६४ च्या त्याच विजयी संघांत कर्ट फ्लड हा खेळाडू होता. बारा हंगाम इमानानें खेळल्यावर, १९६९ च्या ऑक्टोबरांत, त्यास न विचारतां फिलाडेल्फियास देऊन टाकण्यांत आलें. तेव्हां पुन्हा मॅनेजर झालेले डिव्हाइनच होते! फ्लडनें खेळाच्या आयुक्तांस पत्र लिहून, आपण विकत घेण्याची वा विकण्याची मालमत्ता नाहीं असें कळविलें, व न्यायालयाचा मार्ग धरला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत पांच विरुद्ध तीन मतांनीं तो हरला, आणि त्याच्या खेळाचा शेवट तर त्यापूर्वींच झाला होता. परंतु १९७३ सालीं असा नियम झाला कीं, वरिष्ठ लीगमध्यें दहा वर्षें व त्यांपैकीं शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या खेळाडूस त्याच्या संमतीवांचून बदलतां येऊं नये. फ्लडच्या झगड्याचें फळ इतरांच्या पदरीं पडलें.

विद्यार्थिमित्रहो, वाद अवश्य करा. त्यानें आंकडे वाचावयाची संवय लागते, आणि आपलें मत प्रमाणांसह मांडण्याची कला अंगीं येते. मात्र कोणाच्या निर्णयास नांवें ठेवण्यापूर्वीं दोन गोष्टी स्वतःस विचारा. निर्णय घेतला त्या दिवशीं त्या मनुष्यास काय ठाऊक होतें, व काय ठाऊक करून घेतां आलें असतें? आणि ज्याच्याविषयीं निर्णय झाला, त्यास कोणी विचारलें होतें काय? शाळेचा संघ निवडणाऱ्या कप्तानापासून घरांतील वडील माणसांपर्यंत सर्वांच्या निर्णयांस हीच कसोटी लावावी. उद्यां निर्णय घेण्याची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हां लोकांनीं तुम्हांसही याच मापानें मोजावें, असें तुम्हांस वाटल्यावांचून राहणार नाहीं.