ज्वालामुखी आणि मोडीचे रुमाल

ज्वालामुखी हा भूगोलवाल्यांचा प्रांत; इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिकडे कशाला फिरकावे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मला तो मान्य नाही.

वैरागच्या शिवारात नांगराला अडतो तो काळा दगड लाव्हारसाचाच. पण ते उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे; लिहून ठेवायला तेव्हा माणूसच नव्हता. अलीकडच्या शतकांचे तसे नाही. ८ जून १७८३ रोजी आइसलंडमध्ये लाकी येथे जमीन फाटली आणि आठ महिने लाव्हा व विषारी वायू बाहेर पडत राहिले. योन स्टेइनग्रिमसन या धर्मोपदेशकाने डोळ्यांदेखतची हकीकत लिहिली, म्हणून आज त्या उद्रेकाचा क्रम कळतो. युरोपातील रोजनिशांतही त्या उन्हाळ्यातील कोरडे धुके आणि तांबडा सूर्य नोंदलेला आहे.

त्याच सुमारास, १७८३-८४ मध्ये, उत्तर हिंदुस्थानात ‘चालिसा’ दुष्काळ पडला. लाकीच्या वायूंमुळे मोसमी पाऊस दुबळा झाला, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात; काही जण प्रशांत महासागरातील ‘एल निनो’कडे बोट दाखवतात. १७९१-९२ मध्ये दख्खनलाही भोवलेला ‘कवटी दुष्काळ’ तर एल निनोचाच मानला जातो. अर्थात, साल जुळले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. पाऊस कोणत्या महिन्यात हटला, धान्याची धारण केव्हा चढली, हे गावोगाव तपासले पाहिजे.

ही साक्ष शोधायची तर पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडीचे हजारो रुमाल उघडावे लागतील. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून ४५ खंड संपादिले. तरी ती निवडच होय. साऱ्याची सूट, तगाई, बाजारभाव लिहिणाऱ्या कारकुनाला लाकीचे नावही ठाऊक नव्हते. म्हणूनच त्याची साक्ष मला अधिक मोलाची वाटते. कोणताही सिद्धान्त सिद्ध करण्यासाठी त्याने ती लिहिलेली नाही.

ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कोणी पाटी धरली नाही, अशांपैकी मी एक. आमच्या पूर्वजांनी बखरी लिहिल्या नाहीत. त्यांचे हाल कोठे नोंदले गेले असतील, तर ते अशाच सूट-तगाईच्या कागदांत. ते वाचण्याची किल्ली मोडी लिपी आहे. इतिहास व भूगोल विभागांनी मिळून महाविद्यालयात मोडीचा वर्ग चालवावा, ही गुरुजनांना विनंती. आणि मित्रहो, गावातल्या जुन्या पेटाऱ्यांतले कागद रद्दीत जाण्यापूर्वी एकदा तरी कोणा जाणकाराला दाखवा. वाळवी आपल्यासाठी थांबणार नाही.